तुम्ही कोणाला शोधता?

नाट्यविभागात युरोपीय रंगभूमीचा इतिहास शिकवताना मध्ययुग मी कित्येक वर्षे एका तासात उरकत असे. चर्चने आधी नाटकाचा धिक्कार केला, मग उपासनेतच त्याला जन्म दिला आणि ते डोईजड होताच बाजारात हाकलले, ही मांडणी परीक्षेला सोयीची होती. एका दुपारच्या तालमीत ती मोडली.

विद्यार्थी ‘रेग्युलारिस कॉन्कॉर्डिया’ या इंग्लंडमधील सुमारे ९७० सालच्या मठनियमावलीतला ईस्टर पहाटेचा प्रसंग करून पाहत होते. देवदूत झालेला, शुभ्र झगा घातलेला एक मठवासी गुपचूप येशूच्या थडग्यापाशी जाऊन बसतो आणि थडग्याकडे आलेल्या स्त्रिया म्हणून धूपदाण्या घेतलेले तिघे काही शोधत असल्यासारखे हळूहळू पुढे येतात. “तुम्ही कोणाला शोधता?” असे तो गाऊन विचारतो, क्रुसावर खिळलेल्या नासरेथकर येशूला, असे ते सांगतात, तो येथे नाही, उठला आहे, असे उत्तर मिळते. मग ते थडग्यातले रिकामे वस्त्र सर्वांसमोर धरतात. आमचा झगा म्हणजे वसतिगृहातली चादर होती आणि धूपदाणी कोणाच्या तरी देवघरातून आली होती.

वस्त्र उंचावले गेले तेव्हा देवदूत झालेली वसईची विद्यार्थिनी गुडघे टेकून बसली. संहितेत तसे काही नव्हते. नंतर तिने विचारले, “सर, आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूचं दुःखसहन उभं करतात, तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही. हे नाटक म्हणून करायचं की प्रार्थना म्हणून?”

मी गडबडलो. रात्री लॅटिन सूचना पुन्हा वाचली, तर हे सारे देवदूताच्या आणि त्या स्त्रियांच्या ‘अनुकरणार्थ’ करावे, असे नियमावलीच सरळ सांगत होती. म्हणजे अनुकरणाचा संकोच तेथे मुळातच नव्हता. पुढे १२०७ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी पोलंडच्या धर्माध्यक्षांना लिहिताना चर्चमधील मुखवटे आणि खेळतमाशे यांवर कडक ताशेरे ओढले. पण ते पत्र चर्चच्या धर्मकायद्यात आल्यावर भाष्यकारांनी पुस्ती जोडली की येशूजन्माची गव्हाणी, राजा हेरोद, बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी म्हणजे मागी आणि मारल्या गेलेल्या बाळांसाठी राहेलचा विलाप दाखवणे या मनाईत येत नाही. ही पळवाट आहे असे मला वाटत नाही. इनोसंट यांचा राग धर्मगुरूंच्या थिल्लरपणावर होता. ज्याला मी हकालपट्टी म्हणत असे, ती इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली कारागीर-संघांची नाटकेही कॉर्पस क्रिस्टी या चर्चच्याच सणाला गाड्यांवर होत, आणि त्याच काळात चर्चच्या आतली लॅटिन नाटकेही चालूच होती. गाडे अडले ते सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर. १५६८ मध्ये यॉर्कच्या मुख्य चर्चचे प्रमुख (डीन) मॅथ्यू हटन यांनी तेथील ‘क्रीड प्ले’ हे ख्रिस्ती श्रद्धासूत्रावरचे नाटक वाचून, चाळीस वर्षांपूर्वी रुचलेले हे नाटक आता जाणत्यांना रुचणार नाही, असे कळवून ते न करण्याचा सल्ला दिला.

जुनी टिपणे मी बाद केली. प्रेक्षकांना टाळ्यांबद्दल आधी काही सांगावे की नाही, यावर मात्र वर्गात दोन तट पडले. अखेर काहीच सांगितले नाही, आणि प्रयोगानंतर अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.