कासच्या सड्यावर पालथं पडून

सप्टेंबरात मुद्दाम मंगळवार धरून कासला गेलो. रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसांचाच बहर जास्त असतो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना मागे अजिंक्यतारा धुक्यात पार बुडालेला. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण दर वळणाला गाडी थांबवायची खोड असल्याने दीड तास लागला.

वाट दाखवायला जवळच्याच गावातल्या एक ताई होत्या. मी लांबचा पिवळाजर्द सोनकीचा पट्टा बघत निघालेलो, तर मागून हाक आली, "आवं दादा, पायाखाली बघा की! त्यो दवबिंदू हाय, पाय दिऊ नगा."

बोटभर उंचीचं लालसर रोप. चक्क पालथा पडलो आणि भिंग लावलं. दोऱ्यासारख्या पानांवर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. ऊन वर आलं तरी न वाळणारा, कारण तो दव नाहीच, चिकट सापळा आहे. एका चिलटाचा एक पाय अडकलेला. तो सोडवायला त्याने दुसरा टेकवला, तोही गेला. मग शेजारचे केस सावकाश त्याच्याकडे झुकायला लागले. कोपर ओलं झालं, पण उठवेना.

सड्यावर जांभा दगड आणि त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळाभर पाणी त्यातलं सत्त्व धुऊन नेतं. हिरवं पान उन्हात साखर बनवतं, पण नत्र आणायचं कुठून? म्हणून ही शिकार. शाळेतल्या तक्त्यात हे कुठे बसवायचं? गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड अशी साखळी मी किती सुबक काढायचो, प्रत्येकाला एकेक चौकोन. दवबिंदू पहिल्या चौकोनात असतो आणि पानांचा रस पिणारा तुडतुडा चिकटला की तिसऱ्यातही जातो. तुडतुडे खाणारा कोळी अडकला तर थेट चौथ्यात!

डब्यातल्या उकडलेल्या अंड्याचा कण त्याला द्यायचा मोह झाला. डार्विनने याच्या भाऊबंदांना मांसाचे नि अंड्याचे तुकडे घालून बघितले होते. १८७५ साली त्याचं कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक आलं. पण ताईंनी असे डोळे वटारले की डबा मुकाट्याने बंद केला.

पुढे सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा. त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना कल्पना नसेल, पण या नाजूक फुलाच्या खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की दार आत उघडतं आणि पापणी लवायच्या आत पाण्यासकट तो गडप. वर आसवं, खाली शिकारखाना. नाव ठेवणाऱ्याने फक्त वरचंच बघितलं असणार.

खडकातल्या डबक्यात बेडकांची पिल्लं शेवाळ खरवडत होती. त्यातल्या दोघांना मागचे पाय फुटलेले. आणखी थोड्या दिवसांनी हेच शेवाळखाऊ उड्या मारत किडे टिपणार. एकाच जन्मात दोन पायऱ्या, आणि तक्त्यातल्या बेडकाला मात्र एकच घर.

जेवायला पिठलं-भाकरी. म्हणजे मी दुसऱ्या पायरीवर. वर कंदी पेढा खाल्ला, तो म्हशीच्या दुधाचा. म्हणजे गवत, म्हैस, मग मी, तिसरी पायरी. अशा हिशोबाला शास्त्रज्ञ अपूर्णांक वापरतात. जगभरच्या माणसांच्या आहारावरून २०१३ साली आपली सरासरी पायरी २.२१ काढली गेली, डुक्कर आणि अँकोव्ही माशाच्या आसपास. वाघाच्या पंगतीत बसल्याची आपली ऐट काही खरी नाही. हे ताईंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "माळकऱ्यांचं येगळं मोजा, आन् बोकड खाणाऱ्यांचं येगळं."

परतताना कास तलावाशी थांबलो. डासांनी घेरलं. रक्त पिते ती फक्त मादी. नर फुलांच्या रसावर भागवतो. एकाच घरात दोन चुली. एक बाई मनगटावर बसल्या, चांगल्या फुगेपर्यंत प्यायल्या आणि उडाल्या. मी दोनदा टाळी वाजवली. जे त्या बोटभर रोपाला जागचं न हलता जमतं, ते मला दोन्ही हातांनी जमलं नाही.