तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्टर मी स्वतःच का बदलतो

"गाडी सर्व्हिसिंगला देतोसच, मग एसीचा तो फिल्टर तेवढा घरी कशाला?" मेव्हण्याने विचारलं, पार्किंगमध्ये तिघांनी विचारलं, परवा वॉचमननेही. डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय दाराबाहेर दिसले की लोकांना प्रश्न सुचतातच. कंजूष असणार, हे उत्तरही त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मजुरी वाचते, नाही म्हणत नाही. पण कारण ते नाही.

२०१९चा जुलै. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. बायको पुढे, मागे आई आणि दोन्ही मुलं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा, बोगदा परतीच्या वाटेवर. पाऊस असा, की पुढच्या ट्रकचे लाल दिवेही पुसट. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर काच आतून धुरकटली. ब्लोअर चारवर टाकला. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, हवा मात्र चहावर फुंकर मारावी एवढी. बायको रुमालाने काच पुसत होती, मागून आई पदर पुढे करत होती, आणि मी त्या हातभर पुसलेल्या जागेतून रस्ता बघत होतो. डावीकडे एक ट्रक बंद पडलेला. चाकामागे दगड, दिवे नाहीत. मला तो दिसलाच नाही. बायको ओरडली, "अहो, ट्रक!" ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि थांबली तेव्हा मध्ये वीतभर अंतर असेल. आई सुरूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

साताऱ्यात मामांच्या ओट्यासमोर ग्लोव्हबॉक्स उतरवला, फिल्टर त्याच्याच मागे. फिल्टरच्या घड्यांमध्ये कुजलेली पानं, उंदराच्या लेंड्या, शेंगांची टरफलं. कडेला छापलेलं साल २०१५, म्हणजे गाडी घेतली ते. मधल्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर "एसी फिल्टर बदलला" असं लिहिलेलं, पैसेही लावलेले. ती बिलं अजून आहेत. गॅरेजचं नाव विचारू नका.

आता जे मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही ते. कात्रजच्या बोगद्यात धूर नको म्हणून बाहेरची हवा बंद करणारं बटण मीच दाबलं होतं, आणि विसरलो होतो. पाच माणसांचा श्वास बंद गाडीत फिरत राहिला तर पावसात काच धुरकटणारच. बायको म्हणते, दोष बटणाचा. मी म्हणतो, हवा आतली असो की बाहेरची, आमच्या गाडीत ती त्या फिल्टरमधूनच जाते. तोच तुंबला तर काचेपर्यंत पोचणार काय? दोघांचंही खरं असेल. पण तेव्हा मी मामांसमोर सगळं खापर गॅरेजवर फोडलं, हेही खरं.

कुठला घेता, हाही प्रश्न असतोच. जुन्याच्या चौकटीवर पार्ट नंबर असतो, तो दुकानात दाखवायचा. साधा फिल्टर धूळ, परागकण अडवतो. करडा-काळा, कार्बन घातलेला फिल्टर वासही बराच शोषतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र तोही अडवत नाही, तेव्हा इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. भलताच दाट घेतला तर ब्लोअरला धाप लागते. बसवताना बाण हवेच्या दिशेने. आमच्या गाडीत तो खाली. हवा मारून किंवा धुऊन तोच परत लावणारे भेटतात. त्याने तंतू फाटतात, बारीक धूळ पकडणारा विद्युतभारही जातो. आणि पावसाळ्यातला ओल्या फडक्यासारखा वास नव्या फिल्टरने जाईलच असं नाही; तो बहुतेकदा आतल्या कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा असतो. हे मला तीन फिल्टर वाया घालवल्यावर कळलं.

दर मे महिन्यात बदलायचा, कडेला मार्करने तारीख घालायची, असा नेम केला होता. यंदा जुना काढला तर जवळजवळ स्वच्छ. वर्षभर गाडी फारशी बाहेर पडलीच नव्हती. "आता हा का टाकायचा?" बायकोने विचारलं. नवा बसवला. जुना पिशवीत घालून डिकीत ठेवलाय.