डाव्या चाकावर दोनच बोटं

"ताई, ही गाडी रात्री झोपते."

मेकॅनिककाकांनी पुढच्या उजव्या चाकावरच्या फटीत चार बोटं घातली. मग डाव्या. तिथे दोनच गेली. गाडी सुरू केली तशी डावी बाजू सावकाश वर आली आणि दोन्हीकडे सारखं झालं.

एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे. फुग्याला चीर गेली की रात्रभर हवा गळते. सकाळी कॉम्प्रेसर ती भरत राहतो, आणि असं करत करत एक दिवस तोही जळतो.

2012 ची जर्मन सेडान, सेकंड हँड, 9 लाख. मालकाने मनापासून जपलेली, किलोमीटरही कमी. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

दार लावलं आणि बाहेरचा अख्खा पौड रोड गप्प झाला. बाबांना एकदा अशा गाडीत मागे बसवायचं, हे नोकरी लागल्यापासून मनात आहे.

लवकरच गाडीला 15 वर्षं भरतील. फिटनेस, पर्यावरण कर, आरसीचं नूतनीकरण, सगळं धरून चालले होते. काकांचं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही:

"गाडी 9 लाखांची झाली. पार्ट अजून 50 लाखांच्याच गाडीचे आहेत."

नव्या छोट्या गाडीतही बाबा तितक्याच आनंदाने बसतील, हे मला माहीत आहे. तरी संध्याकाळपासून त्या दाराचा आवाज आठवतोय.

टोकन दिलेलं नाही. इतकी जुनी मोठी गाडी तुमच्यापैकी कुणी रोज वापरतं का? फुगे बदलायला किती गेले?