पहिली रांग

नात्यातल्या कुणाला मी सहायक निर्माती आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे कुठली सिरियल?’ सिरियल नाही हो. ठाण्यातल्या एका कलाकेंद्रात मी कार्यक्रमांचं काम बघते. गाण्याची मैफल, कविसंमेलन, मुलांचं नाट्यशिबिर, पुस्तक प्रकाशन, कधी चित्रांचं प्रदर्शन, जे काही चारचौघांपुढे मांडायचं असेल ते मांडलं जाईपर्यंतची सगळी उस्तवार माझी. कार्यक्रम व्हावा हे निर्माते ठरवतात, तो सातला व्हावा म्हणून मी धावते. परवाने, पत्रिका, समईतलं तेल, निवेदिकेचा हरवलेला कागद, बुवांच्या चहात साखर किती, सगळं त्यातच. पण या सगळ्याने मिळून जेवढं डोकं खाल्लं नसेल तेवढं एकट्या पहिल्या रांगेने खाल्लंय.

आमचे बहुतेक कार्यक्रम विनामूल्य असतात. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, ‘पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखीव’. ही ओळ आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. मी दुपारीच ‘राखीव’चे कागद चिकटवून ठेवते. सातचा कार्यक्रम असेल तर साडेपाचला नौपाड्यातल्या, चरईतल्या आज्या येतात. पाण्याची बाटली, घडीची शाल (एसी फार असतो तुमच्याकडे!), पर्समध्ये खडीसाखर. कागद अलगद काढून, नीट घडी घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवतात आणि त्याच्या जागी बसतात. विचारलं तर म्हणतात, ‘अगं, पडलाच होता तो.’ त्यांना उठवणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात नावडता भाग. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना कमी ऐकू येतं आणि त्या खरंच गाणं ऐकायला आलेल्या असतात. या तिन्ही मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

निमंत्रित मात्र साडेसातला येतात. कधी आठला. कधी त्यांचा ड्रायव्हर पुढे येऊन जागा बघून जातो आणि साहेब घोडबंदर रोडच्या वाहतुकीत असतात. घोडबंदर रोड हे असं कारण आहे की त्यावर ठाण्यात कुणी शंका घेत नाही.

एकदा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एका कार्यक्रमासाठी गेले होते. दार उघडायला वेळ होता, तेव्हा बाहेर उभं राहून हाच विचार करत होते. ज्यांचं नाव या वास्तूला आहे त्या भाव्यांचा, म्हणजे मराठी नाटकाच्या जनकाचा, पहिला खेळ १८४३ साली सांगलीला झाला, चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी. तिथे पहिल्या रांगेचा प्रश्नच नव्हता. राजा पुढे बसणार, कारण खेळ त्याच्यासाठी आणि त्याच्याच आश्रयावर. पण १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला आणि मंडळी खेळ घेऊन बाहेर पडली. १८५३ मध्ये भाव्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. बोरीबंदरहून पहिली आगगाडी आमच्या ठाण्याला आली तेही हेच वर्ष. गाडीत आणि नाटकात, दोन्हीकडे पैसे टाकणाऱ्याला जागा. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारे तिकिटाचा विचार उत्पन्नाच्या बाजूने करतात. मला त्यात खुर्चीची बाजू दिसते. पुढची खुर्ची राजाकडून काढून कुणाही परक्या माणसाला देण्याची ताकद त्या कागदाच्या कपट्यात होती. गडकरी रंगायतनला नाटकाच्या दिवशी बघा, पहिल्या रांगेतला माणूस कोण आहे हे कुणी विचारत नाही. त्याने सकाळी खिडकीवर उभं राहून तिकीट काढलेलं असतं, विषय संपला.

आणि आम्ही कार्यक्रम विनामूल्य केला, सगळ्यांसाठी खुला केला, आणि पहिली रांग पुन्हा राजाला देऊन बसलो.

गंमत म्हणजे राजाला तिथे धड ऐकूही येत नाही. आमचे साउंडवाले दादा आपलं मिक्सर मागे, मधोमध मांडतात ते उगाच नाही. सभागृहातले मोठे स्पीकर उंचावर असतात, त्यांचा आवाज पुढच्या डोक्यांवरून मागे जातो. पहिल्या रांगेला ऐकू येतो तो रंगमंचावरचा, कलाकारांसाठी ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज, त्यातही तबला जास्त आणि गळा कमी. म्हणून दादा रंगमंचाच्या कडेला दोन छोटे स्पीकर खास पुढच्या मंडळींसाठी ठेवतात. फुलांची सजावट करणारा त्यांच्यापुढे झेंडूची परडी ठेवतो आणि मग पाहुण्यांना झेंडूतून गाळलेला मारवा ऐकावा लागतो. मान वर करून बसावं लागतं ते वेगळंच. खऱ्या कानसेनांना हे ठाऊक असतं. ते आठव्या-नवव्या रांगेत मधल्या वाटेशेजारी रुमाल टाकतात आणि वडा खायला बाहेर जातात.

मग पहिली रांग सोडून द्यावी रिकामी? तेही जमत नाही, कारण ती कलाकाराला दिसते. प्रकाश अंगावर आला की गाणाऱ्याला पुढचं सभागृह म्हणजे काळोख. चेहरे दिसतात ते पहिल्या एक-दोन रांगांचेच. जुन्या बैठकीत दर्दी लोक गादीला गुडघा लावून बसायचे, गवई त्यांच्या डोळ्यांत बघून तान टाकायचा. आमच्या गायिकेला काय दिसतं? पांढऱ्या कागदांची एक ओळ, त्यावर ‘राखीव’ असं सोळा वेळा. मागे चारशे माणसं माना डोलावत असतील, तिला पत्ता नसतो.

त्यावर आमचा उपाय म्हणजे गाण्याच्या वर्गातली मुलं. घंटा झाली की त्यांना पुढे बसवायचं, पाहुणे आले की खुणेने उठवायचं. मुलं बिचारी उठतात. पण ख्याल ऐन रंगात आलेला असताना आठ मुलं वाकून चालत बाहेर पडतात आणि आठ मोठी माणसं, एकमेकांना ‘आपण आधी’ करत, आत शिरतात. ते दृश्य समेवर येतं असं आजवर एकदाही झालेलं नाही.

बाहेरच्या आवारात कार्यक्रम असला तर याची किंमत आणखी चढते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. शासन बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि त्यातले बरेचसे देवाधर्माच्या सणांना जातात. नियम चांगलाच आहे, समोरच्या इमारतीत दहावीची मुलं आहेत. पण दहाची भिंत हलत नसेल तर साडेसातला आलेल्या पाहुण्याचं दीपप्रज्वलन, सत्कार आणि ‘मी फार वेळ घेणार नाही’ने सुरू होणारं मनोगत यांचा सगळा वेळ शेवटी जातो मैफल संपवणाऱ्या भैरवीच्या खात्यातून. विंगेत उभी राहून गायिकेला पाच बोटं दाखवणारी मीच असते.

यंदाच्या दिवाळी पहाटसाठी मी निर्मात्यांपुढे प्रस्ताव ठेवला. निमंत्रितांना तिसरी रांग, वाटेकडच्या खुर्च्या, आवाज उत्तम, मान सरळ, उशिरा आलात तरी कुणाला त्रास नाही. पहिल्या दोन रांगा जो आधी येईल त्याच्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, ‘पत्रिकेत लिहू नकोस, फोनवर सांग,’ म्हणाले. म्हणजे होकारच.

एका पाहुण्यांच्या स्वीय सहायकांना काल फोन केला. तिसरी रांग म्हटल्यावर पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही.

‘पुढून तिसरी ना?’

‘पुढूनच.’

‘मग पहिल्या रांगेत कोण आहे?’

‘कुणी नाही. जो आधी येईल तो.’

‘कुणीही बसलं तरी चालेल?’

‘कुणीही.’

‘मॅडम, दारं किती वाजता उघडता? माझ्या आईला गाण्याची फार आवड आहे. तिला पाचलाच आणून सोडतो.’