अंदमानच्या बोटीवर ह्यांनी वाचायचं काय : माझा अनुभव

चेन्नईहून श्री विजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, बोटीने साधारण ६० तासांवर आहे. त्याआधी जळगाव-भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई गाठण्यात एक दिवस-रात्र जाते ती वेगळीच. किनारा सुटला की मोबाइलची रेंज गेली, ती अंदमान आल्यावरच परत. जेवणानंतर चार पानं वाचल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, अशा माणसाला घेऊन निघायचं तर पुस्तकांचं आधीच बघायला हवं.

आमच्या ह्यांना "काय आणू?" विचारलं तर "आण काहीही" एवढंच उत्तर. म्हणून विचारण्यापेक्षा कपाट बघावं. अर्धवट टाकलेल्या पुस्तकांत खूण कुठे आहे, ती बरंच सांगते. विसाव्या पानावर खूण म्हणजे सुरुवातच जमली नाही, अशा लेखकाच्या वाटेला जाऊ नये. दोनशेव्या पानावर असेल तर पुस्तक आवडलंय, मधे काहीतरी काम निघालं. तेच पुस्तक बोटीवर न्यायचं. नवं घ्यायची गरजच नाही.

किती न्यायची याचा हिशोब सोपा आहे. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकाची सावकाश वाचणाऱ्याची तासाला तीस-चाळीस पानं होतात. बोटीवर डोलत्या अवस्थेत दिवसाला तीन-चार तासांपेक्षा जास्त वाचन होत नाही, म्हणजे शंभर-सव्वाशे पानं. समुद्राच्या एका फेरीला जास्तीत जास्त तीन-साडेतीनशे पानं आणि रेल्वेसाठी एखादा दिवाळी अंक पुरतो. लोक सहा-सहा पुस्तकं भरतात. तीनशे पानांचं एक पुस्तक साडेतीनशे-चारशे ग्रॅमचं असतं, आणि बॅग उचलायची वेळ येते तेव्हा "एवढं कशाला घेतलं?" हेही आपल्यालाच ऐकावं लागतं.

खरी अडचण मळमळीची. डोळे स्थिर पानाकडे असतात आणि आतला कान सांगतो की आपण हलतोय. मेंदूला दोन निरोप जुळवता येत नाहीत आणि पोट ढवळायला लागतं. शरीर सरावायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे सराव होतो न होतो तोच बोट अंदमानला लागते! त्यामुळे पुस्तकांचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या दिवशी छापील काहीच नाही, फक्त ऐकायचं. दुसऱ्या दिवशी दहा-बारा पानांत संपणाऱ्या कथा, ललित लेख, दिवाळी अंक. कादंबरी तिसऱ्या दिवशी, तीही तब्येत बरी असेल तर. वाचताना दर पाच-दहा मिनिटांनी मान वर करून क्षितिजाकडे बघावं. डेकवर मोकळ्या हवेत किंवा बोटीच्या मधल्या भागात बसावं, पुढच्या टोकाला हेलकावे जास्त. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा वाचनाचा नादच सोडावा. ॲव्होमिनसारख्या गोळीने आराम पडतो पण गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

अंदमान म्हटलं की सगळे 'माझी जन्मठेप' सुचवतात. सुचवणं बरोबरच आहे, पण कोलूचं, म्हणजे कैद्यांना ओढायला लावायच्या तेलघाण्याचं, वर्णन बंकवर उमासे येत असताना वाचवत नाही. ते निघण्याआधी महिनाभर घरी वाचून घ्यावं. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत, वाचून गेलं की बाकीच्या कुठे असतील ते उमगतं. बोटीवर उलट बहिणाबाईंची गाणी चालतात. पुस्तक बारीक, कुठूनही उघडा, आणि आपल्या जळगावकडच्या माणसाला निम्मी पाठच असतात, त्यामुळे डोळे मिटूनही वाचन सुरू राहतं.

घेताना दोन गोष्टी हातात धरून बघाव्यात. एक टाइप. साठीच्या डोळ्यांना १४ पॉइंटपेक्षा बारीक नको. बायफोकल चष्म्याने आडवं पडून वाचायला गेलं की खालची काच डोळ्यासमोर आणायला हनुवटी वर करावी लागते, मग मान धरते. फक्त जवळच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्यावा. दुसरी गोष्ट बांधणी. पुस्तकाचा कणा वरून बघा. दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे दिसले तर शिवलेलं, सपाट दिसला तर नुसतं चिकटवलेलं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेल्या पुस्तकाचा डिंक कडक होतो, आणि डेकवर वाऱ्यात उघडलं की पानं सुटी होतात. कथेचा शेवटच बंगालच्या उपसागरात!

वाचनालयाचं पुस्तक बोटीवर नेऊ नये. खारी दमट हवा पानं फुगवते, शिवाय परतीची तारीख बोटीवर अवलंबून आणि बोट हवामानावर. वाचनालयाचा उपयोग चाचणीसाठी करावा. पुस्तक आणायचं, टेबलावर ठेवायचं, काही बोलायचं नाही. दोन दिवसांत ह्यांनी आपणहून उचलून तीस पानं वाचली की ते परत करून स्वतःची प्रत घ्यायची. मागच्या वर्षाचे दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळतात. भिजला तरी जीव हळहळत नाही.

ऐकायची पुस्तकं घरच्या वायफायवर उतरवून घ्यावीत. ६४ केबीपीएसच्या आवाजाला तासाला जेमतेम ३० एमबी लागतात, म्हणजे बारा तासांच्या कादंबरीला साडेतीनशे. फसगत होते ती इथे : मुखपृष्ठ दिसतं म्हणून उतरलं असं वाटतं, आणि समुद्रात दाबलं की "इंटरनेट नाही". म्हणून घरीच फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक पुस्तक मधूनच वाजवून बघावं. किंडलवरही तेच करावं. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० च्या फोनला दोनदा पुरत नाही, दीडदाच पुरते, थोडी वीज वाटेतच जाते. इअरफोन वायरचे घ्यावेत, ते चार्ज करावे लागत नाहीत. फोनला जुनी पिन बसत नसेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधून टाइप-सी इअरफोन मिळतात.

प्रत्येक पुस्तक वेगळ्या झिपच्या पिशवीत, सोबत चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलची पुडी. क्लिपचा छोटा दिवा आणि चष्मा मोठ्या बॅगेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत, कारण मोठी बॅग बंकखाली गेली की पुन्हा ओढायचा कंटाळा येतो. परतीच्या फेरीचं पुस्तक मात्र आपल्याच पर्समध्ये ठेवावं. ह्यांच्या हाताला लागलं तर ते जातानाच संपतं.