आठे नही ते कोठेच नही

मे महिन्यातली गोष्ट आहे, लिहायची राहून गेली, मधे पेरण्या आल्या, दुकानात बियाण्याची गर्दी, बसायला टाइम नाही. आता पाऊस जरा लागून राहिलाय, गिऱ्हाईक नाही, तर टाकतो.

१० मे २०२५, शनिवार. दुपारी अमळनेरात बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, पंखा गरम हवा फेकून राहिला, मी शटर अर्धं ओढून पोत्यांना टेकून आडवा झालेलो, आणि संध्याकाळपासून मोबाईलवर भाच्याचे व्हॉइस मेसेज एकामागून एक. भाचा आयर्लंडमध्ये डब्लिनला असतो, आयटीत. एरवी महिन्यातून एकदा मामाची आठवण येणारा पोरगा आणि त्या दिवशी अकरा मेसेज, मला वाटलं काही झालं की काय. तर हा कुठल्यातरी मॅचला गेलेला आणि मागे नुसता कल्ला, "मामा, अख्खं गाव रस्त्यावर आहे हो मामा, आपल्या सखाराम महाराजांच्या यात्रेसारखं!" आणि गंमत म्हणजे इकडे बोरीच्या पात्रात तेव्हा खरोखरच यात्रा भरलेली, एकादशीचा रथ दोनच दिवसांपूर्वी निघालेला. म्हणजे दोन्हीकडे गर्दी आणि धक्काबुक्की, फक्त तिकडे पाळणे नव्हते.

तर मॅच होती गेलिक फुटबॉलची. आपल्याला हा खेळ माहीत असायचं कारण नाही म्हणून पटकन सांगतो. पंधरा-पंधरा जण, बॉल हातानेही खेळतात पायानेही, गोलचे खांब इंग्रजी एच सारखे, आडव्या दांडीच्या खालून मारला की तीन पॉइंट, वरून मारला की एक, आणि २०२५ पासून ४० मीटरच्या रेषेबाहेरून वरून मारला तर दोन. काठीने खेळतात ते हर्लिंग, ते वेगळं. महत्त्वाची गोष्ट ही की यात कोणालाच पगार नाही. ८२ हजार लोकांसमोर रविवारी फायनल खेळणारा पोरगा सोमवारी शाळेत शिकवायला जातो नाहीतर गायी बघायला. आयपीएलचा लिलाव बघायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे सांगितलं तर आधी विश्वासच बसत नाही.

त्या दिवशी अल्स्टर प्रांताची फायनल होती. डोनेगॉल आणि आर्मा, या तिथल्या दोन काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे. एक्स्ट्रा टाइम झाला आणि डोनेगॉल एका पॉइंटने जिंकलं, २९ विरुद्ध २८. भाचा ज्याच्या गाडीतून गेलेला तो ऑफिसातला मित्र डोनेगॉलचाच, त्यामुळे परतताना गाडीत काय वातावरण असेल विचार करा. पण परतायलाच दोन तास लागले म्हणे, गाडी पार्किंगमधून हलेना. पार्किंग म्हणजे कोणाचं तरी शेत. आणि तिथून तो वाद सुरू झाला जो मग माझ्या दुकानापर्यंत आला.

मॅच झाली त्या गावाचं नाव स्पेलिंगने क्लोन्स, पण म्हणायचं क्लोनिस. मोनाहन काउंटीतलं, उत्तर आयर्लंडच्या सीमेला अगदी चिकटून. वस्ती जेमतेम दोन हजार. आणि मैदान २९ हजारांचं! म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम खेड्यात जिल्ह्याची सभा भरवल्यासारखं. चौकाला तिथे डायमंड म्हणतात, तिथून चढ चढून मैदानावर जायचं, आणि त्या चढावरच अर्धी यात्रा होऊन जाते असं भाचा सांगत होता. भाच्याचं म्हणणं सरळ होतं: "मामा, हे काय कामाचं नाही. रेल्वे नाही, टॉयलेटला लाइन, एवढी मोठी फायनल आणि एवढंसं गाव. बेलफास्टला नवीन स्टेडियम बांधणार आहेत, तिकडे न्यायला पाहिजे." मित्राचं म्हणणं, फायनल क्लोनिसलाच, विषय संपला.

मी पहिले दोन दिवस भाच्याच्या बाजूने होतो हे कबूल करतो. कारण आकडे त्याच्या बाजूने आहेत. २००४, ०५ आणि ०६ अशी तीन वर्षं ही फायनल खरंच उचलून डब्लिनच्या क्रोक पार्कला नेली होती, जे ८२ हजारांचं मैदान आहे, आणि पहिल्याच वर्षी ६० हजारांवर माणूस आला. क्लोनिसला २९ हजारच मावतात. म्हणजे उरलेले तीस हजार घरी टीव्हीसमोर. खेळाडूंना पगार नाही म्हटल्यावर गेटचा पैसा परत क्लबांकडे, पोरांच्या मैदानांकडेच जातो, मग तो का सोडायचा? प्रश्न चांगला आहे, आणि "परंपरा आहे" हे त्याचं उत्तर होत नाही.

पण तरी २००७ ला फायनल परत क्लोनिसला आली. मला हे कळेना. मग हे सगळं मी आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणजे आमच्या गावाकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर, तरुणपणी कबड्डीत चढाईला असे जायचे की समोरची टीम आधीच मागे सरकायची, असं ते स्वतःच सांगतात. दुकानात येऊन बसतात, पेपर वाचतात, पेपर घडी न घालता जातात. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, लग्नात पंगत कमी पडली तर पुढच्या लग्नाला मांडव मोठा घालतात, लग्न काही दुसऱ्या गावाला नेत नाहीत. (आता आपल्याकडे लग्नंही जळगावच्या लॉनवर नेतात आणि आप्पांच्या नातीचंही तिकडेच झालं, पण ते मी बोललो नाही.)

आप्पांना खरं हे लागलं होतं आपल्या कबड्डीवरून. आमच्या गावाला यात्रेत कबड्डीचे सामने होतात, तालुक्यातल्या टीमा येतात, शाळेच्या मैदानावर, मातीत. बसायला खुर्च्या नसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मैदानाच्या कडेने लावायच्या आणि तीच गॅलरी. बाया घरांच्या गच्चीवर. तीन-चार वर्षांपूर्वी आयोजकांच्या डोक्यात आलं की फायनल जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊ, मॅटवर, लाइटमध्ये, मोठे पाहुणे येतील. खरं कारण एवढंच की पाहुण्यांना आमच्या गावापर्यंत यायचं नव्हतं. दोन्ही टीमा टेम्पोत बसून गेल्या, डिझेलचे पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत, तो वेगळा विषय. खुर्च्या दोन हजार. माणसं मोजून दीडशे, त्यातली तीस हार घालायला आलेली. मी होतो तिथे. चढाई करणारा पोरगा "कबड्डी कबड्डी" म्हणतोय ते शेवटच्या रांगेत मला स्पष्ट ऐकू येत होतं, इतकी शांतता. आणि त्या रात्री गावात जिथे ट्रॉल्या लागायच्या तिथे नुसत्या म्हशी बांधलेल्या. भज्यांच्या गाडीवाल्याने पंधरा किलो बेसन आणून ठेवलेलं, त्याचं तोंड मला अजून आठवतं.

तेव्हा मला क्लोनिसचं थोडं थोडं कळायला लागलं आणि मी भाच्याला उलटे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मग त्याने त्या मित्राला विचारून विचारून सांगितलं. हे गाव एके काळी रेल्वे जंक्शन होतं. म्हणजे आपल्या भुसावळएवढं नाही, पण जंक्शन. मग १९२० च्या दशकात मधूनच देशाची सीमा आली, गावाचा अर्धा बाजार पलीकडच्या फर्माना काउंटीतल्या खेड्यांचा, तो तुटला, आणि १९५७ ला पॅसेंजर गाड्याही गेल्या. अल्स्टरच्या नऊ काउंट्या, सहा ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये आणि तीन इकडे स्वतंत्र आयर्लंडमध्ये, आणि हा खेळ मात्र नऊच्या नऊ एकच प्रांत धरून चालतो. तर वर्षातून एक दिवस सीमेच्या दोन्हीकडची माणसं त्या चढावर एकत्र येतात. भुसावळहून उद्या सगळ्या गाड्या काढून घेतल्या आणि वर्षातला एकच दिवस शिल्लक ठेवला, तर तो दिवस भुसावळकर कोणाला देतील का? डोकं फोडतील.

बेलफास्टचं नवीन स्टेडियम होणार ते केसमेंट पार्कच्या जागी, त्याचीही बाजू आहे, नाही असं नाही. १९५३ चं मैदान, २०१३ पासून तिथे एक मॅच नाही, नुसतं गवत वाढलेलं. आधी ३८ हजारांचं करायचं ठरलं, आजूबाजूचे लोक कोर्टात गेले, २०१४ ला परवानगी रद्द. मग ३४ हजारांचा प्लॅन, २०२१ ला परवानगी. मग सॉकरच्या युरो २०२८ च्या मॅच मिळणार म्हणून सगळे खूश, तर खर्च इतका फुगला की सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी पैसे द्यायला नाही म्हटलं. मग जून २०२५ मध्ये पुन्हा ५ कोटी पाउंड देतो म्हणाले. हे वाचून मला काहीच परकं वाटलं नाही, आपल्याकडे निम्न तापी प्रकल्पाचं पाडळसे धरण किती वर्षं चाललंय ते अमळनेरकराला विचारा. बेलफास्टच्या पोरांना मैदान मिळालंच पाहिजे, बारा वर्षं म्हणजे एक पिढी खेळायची संपते. पण मैदान मिळालं म्हणजे फायनलही त्यासोबत जायलाच हवी, हे मला काही पटत नाही.

भाचा म्हणे मग लहान गावांनी करायचं काय, टॉयलेटची लाइन तशीच ठेवायची? अरे बाबा थर्लस बघ ना. हे त्यानेच आधी सांगितलेलं आणि तोच विसरला. थर्लसला १८८४ मध्ये एका हॉटेलात बसून या गेलिक खेळांची संघटना स्थापन झाली. गाव आठ-नऊ हजारांचं, पण सेंपल स्टेडियम ४५ हजारांचं, आणि डब्लिन-कॉर्क रेल्वेवर. हर्लिंगची मन्स्टर प्रांताची फायनल तिथे झाली की लोक स्टेशनवरून चालत चौकात, चौकातून चालत मैदानात. संघटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा १९८४ ची हर्लिंगची ऑल आयर्लंड फायनलसुद्धा डब्लिन सोडून थर्लसला घेतली होती. म्हणजे गाव लहान असलं तरी सोय करता येते, करायची असेल तर.

आणि हे आपल्या खान्देशला कोणी शिकवायला नको खरं तर. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन कुठे झालं? फैजपूरला! तोपर्यंत सगळी अधिवेशनं शहरात, गांधीजींचा आग्रह की खेड्यात घ्या, आणि पहिलं खेडं आपलं. नेहरू अध्यक्ष, बैलांच्या रथातून मिरवणूक, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून सगळं नगर सजवलं. तेव्हाही कोणीतरी म्हटलंच असेल की संडास कुठेत, पाणी कुठेय. पण झालं, आणि आजही फैजपूरचा माणूस केळीचा भाव सांगता सांगता मधेच ते अधिवेशन सांगतो. आमच्या अमळनेरचं साहित्य संमेलनही तसंच, १९५२ ला झालं आणि मग थेट २०२४ च्या फेब्रुवारीत. ते तीन दिवस आमच्या घरी सात पाहुणे, त्यातले दोन कोणाच्या ओळखीचे होते ते अजून कळलेलं नाही, बायकोने भरीत आणि कळण्याची भाकरी करून करून हात टेकले. पण तिलाच विचारा, पुण्याला असतं तर गेली असतीस का? ती म्हणते, पुण्याला असतं तर मला कोणी विचारलं असतं का.

एक किस्सा सांगायचा राहिला, हेडिंग त्यावरूनच. २०१८ मध्ये किल्डेअर आणि मेयो अशी मॅच होती, फायनल नव्हती, पण बाद फेरीची. ड्रॉमध्ये किल्डेअरचं नाव आधी निघालं म्हणजे मॅच त्यांच्या घरी, न्यूब्रिजला. संघटना म्हणाली मैदान लहान आहे, क्रोक पार्कला या. किल्डेअरचे कोच कियन ओ'नील टीव्हीवर सांगून मोकळे, आम्ही शनिवारी न्यूब्रिजलाच उभे राहणार, यायचं तर या. लोकांनी घोषणा केली, न्यूब्रिज ऑर नोव्हेअर, म्हणजे न्यूब्रिजला नाही तर कुठेच नाही. संघटना नमली, ३० जूनला मॅच न्यूब्रिजलाच झाली, आणि आधीच्या दोन्ही वर्षांच्या ऑल आयर्लंड फायनलला पोचलेल्या मेयोला किल्डेअरने दोन पॉइंटने हरवलं. हे आप्पांना सांगितलं तर त्यांनी पेपर खाली ठेवला, जे ते सहसा करत नाहीत, आणि म्हणाले, "म्हणजे आठे नही ते कोठेच नही!" आणि स्वतःच मांडीवर थाप मारली.

भाचा पण काही कमी नाही. त्याने शोधून काढलं की १९४७ ची ऑल आयर्लंड फुटबॉल फायनल चक्क न्यूयॉर्कला खेळवली होती, पोलो ग्राउंड्सवर, कॅव्हन आणि केरी, कॅव्हन जिंकलं. मग मामा, तुमचं आठे नही ते कोठेच नहीचं काय? मी अडकलो. आप्पांना विचारलं. आप्पा बराच वेळ गप्प, मग विचारलं, तिकडे इतके लोक का गेले होते? मी म्हटलं शंभर वर्षं आधी बटाट्याचा मोठा दुष्काळ पडला, १८४७ चं वर्ष सगळ्यात वाईट, लाखो लोक जहाजात बसून अमेरिकेला गेले, तेव्हापासून जातच राहिले. आप्पा म्हणाले, मग ते बरोबर आहे, ज्याला गावाला परत येता येत नाही त्याच्याकडे न्यायची एखाद्या वेळेस. आणि मग डोळे मिचकावून, "मंग आपली कबड्डीनी फायनल लई जाऊत का तुना भाचाकडे डब्लिनले?"

भाच्याला हे पाठवलं. त्याचा हसण्याचा इमोजी आला आणि मग पाच मिनिटांनी साधा मेसेज, यात्रा पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला आहे.

कबड्डीची मीटिंग दसऱ्यानंतर आहे. फायनल कुठे हा विषय पुन्हा निघणार, पाहुण्यांचं नाव पुन्हा निघणार. आप्पांनी मैदानाच्या कडेला ट्रॉल्या किती लागतील ते आत्ताच माझ्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलंय. चौदा. त्यातली एक माझी धरली आहे, मला न विचारता.