बेडक्यात जंतू निघाले पण टीबी नव्हता, आईच्या कल्चरचा माझा अनुभव
आईला तरुणपणी टीबी होऊन गेलाय त्यामुळे फुफ्फुस आधीच अधू, त्यात यंदा खोकला जाईचना म्हणून बेडका तपासला तर एएफबी पॉझिटिव्ह, म्हणजे स्लाइडवर टीबीच्या जंतूसारखे लाल जंतू दिसले. घरात सगळ्यांनी धरूनच चाललं की टीबी उलटला, नातवाला तिच्या खोलीत जायची बंदी. पण सीबीनॅटमध्ये, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत, टीबीचा जंतू मिळाला नाही. कोथरूडमधले आमचे छातीचे डॉक्टर म्हणाले घाई नको, कल्चर करू, म्हणजे बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघू, टीबीच्या जंतूचे भाऊबंद पण स्लाइडवर तसेच लाल दिसतात.

बेडका दोन वेगवेगळ्या दिवशी दिला, सकाळी चूळ भरून खोल खोकून काढलेला, नुसती लाळ चालत नाही. दोनदा का तर हे भाऊबंद पाण्यात मातीत असतातच, एकदाच उगवले तर बाहेरून आले असंही असू शकतं.

लॅबमधल्या मॅडमनी फार नीट समजावलं. लिक्विड कल्चरची ट्यूब मशीनमध्ये ठेवतात, जंतू वाढले की ट्यूबमधला ऑक्सिजन संपतो आणि तळ चमकायला लागतो, ते मशीन पकडतं. 42 दिवसांत काहीच नाही तर निगेटिव्ह. आईची ट्यूब त्याच्या बरीच आधी पॉझिटिव्ह आली आणि माझ्या पोटात गोळाच आला, पण मॅडम म्हणाल्या थांबा, उगवलं एवढंच कळलंय, कोण उगवलंय ते अजून बघायचंय. मग एमपीटी64 ची कार्ड टेस्ट, टीबीचा जंतू सोडतो ते प्रोटीन असेल तर दुसरी रेघ येते, आईच्या कार्डावर फक्त कंट्रोलची रेघ, म्हणजे टेस्ट नीट चालली एवढंच सांगणारी. पीएनबी नावाचं रसायन घातलेल्या, जंतू वाढवायच्या माध्यमावर टीबी वाढत नाही, आईचे जंतू मस्त वाढले. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले, हिरव्या एलजे माध्यमावर टीबीच्या वसाहती फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या खडबडीत, आणि आईच्या बाटलीत गुळगुळीत बारके ठिपके. शेवटी लाइन प्रोब म्हणजे डीएनएची पट्टी, त्यात नाव आलं मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलरे. दुसऱ्या नमुन्यातही तेच.

म्हणून सांगते, रिपोर्टवर नुसतं ग्रोथ पॉझिटिव्ह लिहिलं असेल तर कुठला जंतू ते विचाराच, कारण औषधं बदलतात. आईला अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल आहे, इथॅम्ब्युटॉलमुळे मधेमधे डोळे तपासायचे, आणि कल्चर निगेटिव्ह झाल्यावर पुढे निदान वर्षभर गोळ्या. हा जंतू सहसा माणसातून माणसाला लागत नाही हे कळल्यावर नातू त्याच दिवशी आजीकडे झोपायला गेला.